विंचवाचं बिऱ्हाड पेनड्राइव्हवर

आमच्या घरातले पडदे गेली नऊ वर्षं तेच आहेत. तरी महिन्या-दोन महिन्यांनी बायको माझ्या खोलीत डोकावते, लॅपटॉपकडे बघते आणि विचारते, "पुन्हा पडदे बदललेस?" मी तिला समजावायला जातो की हे नुसते पडदे नव्हेत, आख्खं घर बदललंय. पाया, भिंती, नळ, दिवे, सगळं. ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "बरं. मग नव्या घरातून विजेचं बिल भरलंस का?"

भरलेलं नसतं. नव्या घरात अजून वायफाय लागायचं असतं.

या व्यसनाला इंग्रजीत डिस्ट्रो हॉपिंग म्हणतात. मराठीत आपण विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं म्हणत आलो. आता ते आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावतं, इतकाच फरक.

ज्यांना हे व्यसन नाही अशा सुखी जनांसाठी थोडं सांगायला हवं. लिनक्स हे खरं तर एका गाभ्याचं नाव, कर्नलचं. 1991 साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने तो हौसेखातर लिहायला घेतला. पण नुसता कर्नल म्हणजे नुसती शिजवलेली तुरीची डाळ. ती कोणी पानात वाढून घेत नाही. तिला फोडणी हवी, मीठ हवं, सोबत भात, लिंबाची फोड हवी. हे सगळं करून जे ताट समोर येतं ते डिस्ट्रिब्युशन, लाडाने डिस्ट्रो. डाळ सगळीकडे एकच. कुणाच्या घरी हिंग-जिरं, कुणाकडे लसूण, कुणाकडे चिंच-गूळ. अशी ताटं जगात काहीशे आहेत, आणि बहुतेक सगळी फुकट. चपलांच्या दुकानात सगळ्या चपला फुकट असत्या तर माणूस संध्याकाळी घरी आला असता का?

माझं पहिलं ताट मॅन्ड्रेकचं. साल 2002. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो, तिघांत एक संगणक होता आणि त्यावर हक्क ज्याची परीक्षा लांब त्याचा. मॅन्ड्रेक निवडलं ते कसलाही अभ्यास करून नाही. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या जोडीला जादूगार मॅन्ड्रेक असायचा, त्याचंच नाव आणि त्याचीच उंच टोपी बघून हात आपोआप पुढे गेला. ते नावच पुढे त्यांच्या अंगाशी आलं. कॉमिक्सचे हक्क ज्या अमेरिकन कंपनीकडे होते ती कोर्टात गेली आणि जिंकली. 2005 मध्ये मॅन्ड्रेकने ब्राझीलच्या कोनेक्टिवा नावाच्या डिस्ट्रोशी लग्न केलं आणि नववधूसारखं नाव बदलून मॅन्ड्रिवा झालं.

तीन सीडी, दोन तास, आणि पडद्यावर एक सुंदर निळं घर. फक्त मोडेम चालेना. त्या काळातले स्वस्त मोडेम निम्मे काम विंडोजवर ढकलायचे. विंडोज नसेल तर तो नुसता पत्र्याचा तुकडा. मोडेम चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, इंटरनेटला मोडेम हवा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. मी फ्लॉपी खिशात घालून सायबर कॅफेत जायचो, तासाचे पैसे मोजायचो, घरी येऊन फ्लॉपी घालायचो, तर ती वाचलीच जायची नाही. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मोडेमने ती किंकाळी फोडली. त्या क्षणी जे वाटलं ते पुढे डिग्री मिळाली तेव्हाही वाटलं नाही. आणि गंमत अशी, की मोडेम चालू लागल्यावर पंधरा दिवसांत मला कंटाळा आला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं ना.

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. मी कारणं शोधत राहिलो, आणि कारणांना या धंद्यात तोटा नाही.

एक कारण मात्र खरोखर खरं होतं: आपली लिपी. त्या काळात लिनक्सवर देवनागरी म्हणजे भूकंपानंतरची वाडी. ऱ्हस्व वेलांटी स्वतःचं अक्षर सोडून शेजारच्याला चिकटलेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली. हिंदीचं जरा आधी सुधारलं. मराठीचा अर्धा र, तो भुवईसारखा, हिंदीला लागत नाही म्हणून बराच काळ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. ताईच्या लग्नाचा हिशेब मी मोठ्या ऐटीत संगणकावर ठेवला होता. खर्चाच्या बाजूला लिहिलं, आचाऱ्यांना पाच हजार आगाऊ. छापून आलं, आचार्यांना पाच हजार. बाबा सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांनी कागद चष्म्यावरून बघितला, चष्म्यातून बघितला आणि विचारलं, "भटजी इतके कधी मागायला लागले?"

तेव्हापासून कोणताही डिस्ट्रो आला की मी आधी एक वाक्य टाइप करून बघायचो: कुऱ्हाडीवाला तऱ्हेवाईक आचारी साऱ्या पुऱ्या वाऱ्यावर वाळवतो. यात जो घसरला त्याला रामराम. पुढे रेड हॅटचे लोहित फॉन्ट आले, अक्षरं जुळवणारी यंत्रणा सुधारली, आणि एके दिवशी ते वाक्य सगळीकडेच बिनचूक उमटू लागलं. आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, गेलं, चांगलं हक्काचं कारण गेलं.

2004 च्या ऑक्टोबरात उबुंटू आलं. पहिल्या आवृत्तीचं नाव चामखीळवाला रानडुक्कर या अर्थाचं, आणि रंग सगळा तपकिरी, शेणाने नुकतंच सारवल्यासारखा. यामागे मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा माणूस, जो त्याआधी दोनच वर्षं स्वतःच्या खर्चाने अंतराळात जाऊन आला होता. अंतराळात जाऊन आलेल्या माणसाचा हात सढळ असतो. नाव-पत्ता कळवला की तो सीडी घरपोच पाठवायचा, टपालखर्चही त्याचाच. मी साताऱ्याच्या घरचा पत्ता देऊन दहा मागवल्या. पाकीट बाबांनी घेतलं.

"कोणी पाठवलंय?"

"आफ्रिकेतला एक माणूस आहे, बाबा. फुकट वाटतो."

"फुकट?" बाबांनी पाकीट वजन केल्यासारखं तळहातावर तोललं. "पुढल्या महिन्यात बिल येईल बघ."

बिल आलं नाही. पण बाबांनी पाकिटावर आवक दिनांक लिहून ते वर्षभर फायलीला लावून ठेवलं, तक्रारीची वेळ आलीच तर असावं म्हणून. सीडी मी तिळगुळासारख्या वाटल्या. एकानेही बसवलं नाही. संक्रांतीनंतर गावात गेलो तर शेजारच्या काकूंच्या द्राक्षाच्या मांडवावर दोन रानडुकरं दोऱ्याला टांगून उन्हात चमकत होती. पाखरं येत नाहीत म्हणाल्या. मुक्त प्रणालीचा इतका रोखठोक उपयोग मी नंतर पाहिला नाही.

मग जेंटू. मघाशी फोडणीचं बोललो. जेंटूवाला म्हणतो, तयार डाळ नको, तूर मी स्वतः पेरणार. म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमचा मूळ कोड उतरवायचा आणि आपल्या यंत्रावर, आपल्या यंत्राच्या मापाने, कंपाइल करायचा. जेंटू ही पेंग्विनची सर्वांत चपळ पोहणारी जात, म्हणून ते नाव. 2005 चा मे महिना, सातारा, माझ्याकडे 256 एमबी मेमरीचा पेंटियम, आणि बाहेर भारनियमन. ऑफिसचं एकेक मोठं पॅकेज तयार व्हायला आख्खा दिवस पुरायचा नाही, आणि वीज सलग सहा तास टिकायची नाही. वीज गेली की चालू असलेलं पॅकेज पुन्हा पहिल्यापासून. पेनेलोपीबाई दिवसा विणायची आणि रात्री उसवायची म्हणे. माझं विणकाम आणि उसवण दोन्ही वेळापत्रकानुसार चालायचं. आईने संगणकाच्या पंख्यासमोर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या वाळल्या. केडीई हे डेस्कटॉपचं पॅकेज झालं नाही. अकराव्या दिवशी झालं, तेव्हा ते आधीच्यापेक्षा वेगवान आहे असं मी सगळ्यांना सांगितलं. किती, ते मोजलं नाही. इतक्या तपश्चर्येनंतर देव दिसला नाही असं कोण सांगणार?

जेंटूनंतर मनुष्य एक तर सुधारतो, नाही तर आर्चकडे जातो. मी आर्चकडे गेलो. आर्चचं सगळं चांगलं आहे. त्यांचा माहितीसंग्रह तर इतका नेमका, की इतर डिस्ट्रोवालेही अडले की चोरून तिथेच वाचतात. पण आर्च वापरणाऱ्याला एक गोष्ट आवरत नाही, आपण आर्च वापरतो हे सांगणं. या बाबतीत आर्चवाला आणि सदाशिव पेठेत राहिलेला माणूस यांना विचारावं लागत नाही. मी दोन्हीकडून अडकलेला असल्यामुळे त्या काळात मला लग्नाला फारशी आमंत्रणं नव्हती.

मधल्या काळात एकदा डेबियनमध्येही राहून आलो. 1993 पासूनचं जुनं घराणं. इयान मर्डॉकने त्याला आपलं आणि प्रेयसी डेब्राचं नाव जोडून दिलं. आमच्या पिढीने फार तर कॉलेजच्या बाकावर करकटकाने बदाम कोरले. डेबियनच्या आवृत्त्यांना टॉय स्टोरी चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देतात, आणि जी कायम अस्थिर असते तिचं नाव सिड, म्हणजे चित्रपटातला तो शेजारचा खेळणी मोडणारा पोरगा. इतका प्रामाणिक इशारा मी कुठल्याही उत्पादनावर वाचलेला नाही. अर्थातच मी सिड बसवला.

डिस्ट्रो इतके का, याचं उत्तर मात्र तंत्रज्ञानात शोधू नये, आपल्या सातबाऱ्यात शोधावं. इंग्रजीत ज्याला फोर्क म्हणतात त्याला आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात. इथे वाटणीत कोणाचं काही कमी होत नाही, प्रत्येकाला आख्खी जमीन मिळते, तरी भांडण तेवढंच कडाक्याचं. डेबियनच्या पोटी उबुंटू, उबुंटूच्या पोटी मिंट. मिंटवाल्यांनी तर बापाशी कधी बिनसलंच तर सोय असावी म्हणून थेट आजोबांवर बेतलेली आणखी एक आवृत्ती जवळ ठेवली आहे. 2010 मध्ये मॅन्ड्रिवातून मॅजिया वेगळं निघालं. डेबियनने यंत्र सुरू करण्याचं काम सिस्टमडी नावाच्या नव्या कारभाऱ्याकडे सोपवायचं ठरवलं, तेव्हा काही मंडळी ताटावरून उठली आणि त्यांनी डेव्हुआन मांडलं. 2020 च्या डिसेंबरात सेंटओएस 8 चा आधार पुढच्याच वर्षअखेरीस थांबणार असं जाहीर झालं, आणि काही महिन्यांत त्या जागी अल्मा आणि रॉकी अशा दोन चुली पेटल्या.

यातली सगळ्यांत मोठी उठाउठ मी आतून पाहिली आहे. 2010 मध्ये उबुंटूने खिडकी बंद करायचं बटण उजवीकडून डावीकडे नेलं. एवढंच. आपल्याकडे नव्या सुनेने मिसळणाचा डबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला की जे होतं तेच झालं. पुढच्या एप्रिलात त्यांनी युनिटी नावाचं नवंच माजघर बांधलं, त्याच महिन्यात तिकडे डेस्कटॉप बांधणाऱ्या ग्नोमवाल्यांनीही आपला जुना वाडा पाडून तिसरी आवृत्ती उभी केली, आणि आमच्यासारख्यांना बसायला ओसरीच उरली नाही. कुणी जुन्या वाड्याच्या विटा जमवून माटे बांधलं. बरेच जण मिंटमध्ये राहायला गेले. मीही बिऱ्हाड बांधलं, तावातावाने. सहा वर्षांनी उबुंटूने युनिटी सोडून दिली तेव्हा मी इतक्या घरांतून फिरून आलो होतो, की नक्की कशाचा राग होता ते आठवेना.

बिऱ्हाडकरूचीही काही शास्त्रं असतात. घर बदलताना आपण देव्हारा वेगळा, मांडीवर घेऊन नेतो. तसं स्वतःच्या फायलींचं होम हे वेगळ्या पार्टिशनवर ठेवावं. मग बाकीचं घर पाडलं तरी देव शाबूत. यात खोट एकच: जुन्या पलंगाबरोबर ढेकूण येतात, तशा जुन्या डिस्ट्रोतल्या सवयीही होमबरोबर येतात, आणि नव्या घरात पहिल्याच रात्री काहीतरी चावायला लागतं. दुसरं शास्त्र डीडीचं. डीडी म्हटलं की माझ्या पिढीला दूरदर्शन आठवतं. लिनक्समध्ये ती चकतीवर चकती उतरवणारी आज्ञा आहे, आणि ती काहीही विचारत नाही. पेनड्राइव्हचं नाव एसडीबी, मुख्य चकतीचं एसडीए. रात्री दीड वाजता बी आणि ए यांत फार अंतर नसतं. अशाच एका रात्री माझे 2 वर्षांचे फोटो गेले. सकाळी बायको म्हणाली, "रडू नकोस, तसेही सगळे तुझ्या डेस्कटॉपचेच होते."

खोटं नव्हतं ते.

एकदा घरचंच यंत्र हाताळताना नियमाबाहेरची आज्ञा दिली, तर लिनक्सने बजावलं की या घटनेची खबर दिली जाईल. मी घाबरलो. नंतर कळलं, ही खबर त्या यंत्राच्या मालकाला, रूटला जाते. घरच्या यंत्रावर रूट मीच. म्हणजे माझी तक्रार माझ्याकडेच, आणि चौकशी प्रलंबित.

खरं कारण काय, हे मी एकदा स्वतःला विचारलं होतं. वेग, सुरक्षितता, पॅकेजं, तत्त्वं, हे सगळं मित्रांना सांगायचं. मला आवडते ती रिकामी खोली. नवीन डिस्ट्रो बसवल्यावर पहिला तासभर डेस्कटॉपवर एकही फाइल नसते, अर्धवट राहिलेला एकही लेख नसतो, "नवीन फोल्डर 7" नसतो. चुन्याचा वास यावा अशी स्वच्छता. या तासात मी असा माणूस असतो, जो उद्यापासून फायली नीट लावणार आहे. मग उद्या येतो.

बाबांचं यंत्र हा मात्र वेगळा विषय. 2014 साली बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला आणि त्यावर मिंट 17 बसवलं. हिरवे फोल्डर, खाली एक मेनू. बाबांनी एकदाच विचारलं, "यात पत्ते आहेत का?" बँकेत दुपारच्या सुट्टीत ते संगणकावर एकट्याने खेळायचे तो डाव. मी बसवून दिला. त्यानंतर चार वर्षं बाबांनी काहीही बदललं नाही. पार्श्वचित्रसुद्धा नाही. मी आलो की विचारायचो, "बाबा, हळू चालतंय का? वेगळं काही देऊ का?" बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "माझं काही म्हणणं नाही."

2018 च्या दिवाळीत मात्र मला सबब मिळाली. मिंट 17 चा आधार पुढच्या एप्रिलात संपणार होता. नवी आवृत्ती 19, नाव तारा. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात हे ऐकून आईने भुवया उंचावल्या. पण तारा तिला चाललं. बाबा नाखूष होते. मी त्यांना सुरक्षिततेवर वीस मिनिटं व्याख्यान दिलं. कागदपत्रं, फोटो, पेन्शनच्या पावत्या, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, बाबांना मोजून दाखवलं, त्यांनी त्यावर बरोबरची खूणही केली. मग चकती पुसली. अभ्यंगस्नानाच्या आत तारा घरात आली होती.

फराळ झाल्यावर बाबांनी पत्ते उघडले. एक डाव खेळले. मग खेळाच्या मेनूतून आकडेवारी काढली आणि बराच वेळ बघत बसले.

"हे एक का म्हणतंय?"

मी वाकून बघितलं. एकूण डाव 1, जिंकलेले 0.

लिनक्समध्ये ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं ते दिसत नाही. खेळांचे गुण, पसंती, सवयी, सगळं अशा टिंबामागे राहतं. सोळा वर्षं जगाला होम वेगळं ठेवा म्हणून सांगणाऱ्या मी बाबांच्या यंत्रावर एकाच खोलीत सगळं मांडलं होतं, आणि आवरताना फक्त दिसलं तेवढंच उचललं होतं.

"किती होते, बाबा?"

बाबा काही बोलले नाहीत. उठले, कपाट उघडलं आणि बँकेने कधीतरी दिलेली एक डायरी घेऊन आले. आत निळ्या शाईच्या उभ्या रेघा. तारीख, डाव, जिंकले, एकूण. चार वर्षांची, रोजच्या रोज, पानाच्या तळाशी बेरीज आणि पुढच्या पानाच्या डोक्यावर तीच बेरीज पुन्हा. मी वाचत उभा राहिलो. शेवटची नोंद आदल्या रात्रीची होती: डाव 4,212, जिंकले 611.

"तुला यंत्राशी खेळताना बघितलंय मी," बाबा म्हणाले. "म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतो."

त्यांनी नवं पान काढलं, वर ठळक अक्षरांत लिहिलं, मागील पानावरून पुढे, आणि त्याखाली 4,213.

आता दिवाळीला मी साताऱ्याला पोचायच्या आत लॅपटॉप कपाटात गेलेला असतो. किल्ली आईच्या कमरेला.